कोपऱ्याकडे तोंड केलेला पंखा

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्यांना पटायची नाही त्यांनी इथंच थांबावं, माझी काही तक्रार नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती वृषाली माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी. जामखेडला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. खोटं बोलणाऱ्यातली नाही. भूतखेत, करणी, बाहेरचं, असलं काही तिच्या माहेरी कोणी मानलं नाही आणि सासरी तर नाहीच नाही. घरात बुद्धवंदना, आणि बाकी सगळं डॉक्टर सांगेल तसं.

आणि हो... ही रात्रीची गोष्ट नाही. ना अमावस्या, ना स्मशान, ना वडाचं झाड.

ही भर दुपारची गोष्ट आहे. गेल्या वैशाखातली. खर्डा रोडच्या बाजूला, एका साध्या स्लॅबच्या घरात घडलेली.

वृषाली लग्न होऊन त्या घरात आली तेव्हाच तिला तो पंखा दिसला होता.

पुढं बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर, आणि मध्ये एक खोली. त्या मधल्या खोलीत लाकडी स्टुलावर तो टेबलफॅन ठेवलेला असायचा. काळा, ओतीव बिडाच्या बुडाचा, पितळी पात्यांचा. उचलायचा म्हटलं तर दोन्ही हात लावावे लागत. रात्रंदिवस चालू. घर्रर्र... घर्रर्र... असा एकसुरी आवाज सगळ्या घरात भरलेला.

पण त्याचा वारा कुणालाच लागायचा नाही.

कारण त्याचं तोंड कोपऱ्याकडे असायचं.

रिकाम्या कोपऱ्याकडे. तिथं खाट नव्हती, कपाट नव्हतं, साधी धान्याची पिशवीसुद्धा कुणी टेकवत नव्हतं. दोन भिंती जिथं मिळतात, तिकडं तोंड करून पंखा आपला फिरतोय.

"भिंतीला ओल येते," सासूबाईंनी, विमलबाईंनी सांगितलं होतं. "पंखा बंद करायचा न्हाई. आन् त्या कोपऱ्यात काय ठिवायचं न्हाई."

वृषाली नवी होती, गप्प बसली. पण मनात म्हणालीच, जामखेडात माणसाला प्यायला पाणी मिळत नाही, भिंतीला ओल कुठून येणार?

सासरे भाऊसाहेब अबोल माणूस. पण लाईट गेली की हातातलं काम टाकून ते मधल्या खोलीत जायचे. भिंतीला अडकवलेलं सूप काढायचे आणि कोपऱ्यासमोर बसून सुपानं वारा घालायचे. घामानं निथळायचे, पण थांबायचे नाहीत. ते थकले की विमलबाई बसायच्या. पुढं इन्व्हर्टर आला. त्यावर ना फ्रिज होता, ना टीव्ही. बैठकीतला दिवासुद्धा नाही.

फक्त तो पंखा.

वृषालीचा नवरा सचिन आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो. लहानपणापासून पंखा पाहत आलेला, त्यामुळं त्याला त्यात वावगं वाटायचंच नाही. "आबांची सवय आहे. जुनी माणसं असतात अशी," एवढंच तो म्हणायचा.

त्या वर्षी थंडीत भाऊसाहेब वारले. झोपेतच गेले. आणि उन्हाळा असा आला की पत्र्यावर भाकरी भाजावी.

वृषाली-सचिनची मुलगी पूजा तेव्हा पहिलीत होती. अंगभर घामोळं, रात्र रात्र झोप नाही. मधली खोली घरातली त्यातल्या त्यात गार. वृषालीनं ठरवलं, तिथं एसी बसवायचा आणि पूजाला तिथं झोपवायचं. गावातल्या एका दुकानात ऑफर होती, जुनं द्या आणि नवं न्या. घरातला जुना फ्रिज, आवाज करणारा मिक्सर, गंजलेला कूलर, सगळंच बदलून टाकू असं दोघांचं ठरलं.

"आणि पंखा?" सचिन म्हणाला.

"तो काय करायचाय ठेवून? लाईटबिल तर बघा. भिंत वाळवण्यासाठी कोणी पंखा लावतं का आयुष्यभर?"

"आई ऐकायची नाही."

"म्हणूनच आई नसताना करायचं."

विमलबाई भाच्याच्या लग्नाला पाटोद्याला गेल्या होत्या. जाताना दारात थांबून वृषालीला एवढंच म्हणाल्या, "पंख्याकडं ध्यान ठिव."

वृषाली म्हणाली, "हो."

दुसऱ्याच दिवशी टेम्पो आला.

फ्रिज गेला, कूलर गेला, मिक्सर गेला. शेवटी टेम्पोवाला मधल्या खोलीत आला आणि त्यानं पंख्याची पिन ओढली.

पाती लगेच थांबली नाहीत. जडच होती ती. बराच वेळ फिरत राहिली... हळू... आणखी हळू... आणि थांबली.

लग्न झाल्यापासून वृषालीनं ते घर पहिल्यांदाच शांत ऐकलं. ना पंख्याची घरघर, ना सुपाची फटफट.

टेम्पोवाला पंखा घेऊन बाहेर गेला. ती तिथंच उभी राहिली. कान कसेतरीच झाले होते. एवढ्या वर्षांची घरघर एकदम बंद झाली की होतं तसं, असं तिला वाटलं.

पण पंख्याचा आवाज गेला होता आणि त्याच्याखाली दबलेला दुसराच आवाज वर आला होता.

हा...

मग बराच वेळ काही नाही.

हा......

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. पान हलत नव्हतं. स्वयंपाकघरात नवा फ्रिज अजून खोक्यातच होता. नळ बंद होता.

"शेजारच्या मोटारीचा आवाज असेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि सामान लावायला गेली.

एसी बसला. त्याच दुपारी तिनं दारंखिडक्या लावून पूजाला तिथं झोपवलं. एसीवाल्यानं सांगितलं होतं, पाच-दहा मिनिटांत खोली बर्फ होईल.

खोली गार झाली नाही.

म्हणजे एसीच्या तोंडाशी हात धरला की गार वारा लागायचा. पण दोन पावलं पुढं आलं की तो कुठंतरी विरून जायचा. कोपऱ्याकडं जावं तसतसं जास्तच उकडायचं. मेकॅनिक परत आला, सगळं तपासलं. मशीन चांगली आहे म्हणाला. जाता जाता त्यानं कोपऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "ताई, या भिंतीमागं चूल आहे का?"

भिंतीमागं चूल नव्हती. भिंतीमागं मोकळा प्लॉट होता.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी ती अर्धा दिवस ड्युटी करून घरी आली. मधल्या खोलीत, कोपऱ्याच्या समोरच्या भिंतीवर फळी आहे. त्यावर बुद्धांची मूर्ती. वंदनेसाठी तिनं मेणबत्ती लावली. सचिन अजून यायचा होता. पूजा गादीवर झोपली होती. तेवढ्यात लाईट गेली आणि एसी बंद पडला.

दारंखिडक्या बंद होत्या. हवा अजिबात हलत नव्हती.

आणि मेणबत्तीची ज्योत वाकली.

कोपऱ्याकडं वाकली. कुणी ओढावी तशी लांब होत गेली...

मग सरळ झाली.

काही वेळ सरळ राहिली. आणि पुन्हा... हळूच... कोपऱ्याकडं.

वृषालीनं खिडकीच्या फटी पाहिल्या. दाराखाली टॉवेल सारला. पंख्यांची बटणं पाहिली, लाईटच नव्हती तरी पाहिली.

ज्योत वाकली. सरळ झाली. वाकली.

त्या वाकण्याला एक लय होती. नर्सला ती लय ओळखायला वेळ लागत नाही. रात्र रात्र ती हेच मोजत बसते, पेशंटच्या उशाशी.

श्वास.

ती कोपऱ्याजवळ गेली. का गेली ते तिला आजही सांगता येत नाही. तिनं दोन भिंतींच्या सांध्यासमोर तळहात धरला.

हातावर गरम हवा आली.

ओलसर.

मग थांबली. आणि आता हाताच्या मागून, बोटांच्या फटींतून, हवा आत जायला लागली.

तिनं हात मागं ओढला आणि वळून पूजाकडं पाहिलं.

पूजा झोपेतच होती. पण तोंड उघडं होतं आणि ओठांवर निळसर झाक आली होती. छाती वर येत होती, खाली जात होती... वृषालीनं ज्योतीकडं पाहिलं, पुन्हा पूजाकडं पाहिलं.

ज्योत कोपऱ्याकडं वाकली की पूजाची छाती खाली बसत होती.

कोपरा घेत होता. पोर देत होती.

तिनं पूजाला उचललं आणि थेट अंगणात आणलं. उन्हात. पोरीला ठसका लागला, दोन-तीन दीर्घ श्वास घेतले आणि ती रडायला लागली. ओठ पुन्हा लाल झाले. वृषालीनं दवाखान्याच्या पिशवीतून बोटाला लावायचं मशीन काढलं. ऑक्सिजन चांगला होता. ती पूजाला शेजारी देऊन परत आत गेली, मधल्या खोलीत उभी राहिली आणि तेच मशीन स्वतःच्या बोटाला लावलं.

आकडा भराभर खाली येत होता.

बैठकीत आली, आकडा वर.

मधल्या खोलीत गेली, खाली.

सचिन घरी आला तेव्हा ती अंगणात भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं सांगितलं. तो आत गेला, बराच वेळ आत राहिला आणि घामाघूम होऊन बाहेर आला.

"गॅस असेल काहीतरी," तो म्हणाला. "जमिनीतून येत असेल. घर बांधताना इथं जुना खड्डा होता म्हणायचे."

"मग श्वास कसा घेतो खड्डा?"

तो तिच्याशेजारी भिंतीला टेकून खाली बसला.

विमलबाई दुसऱ्या दिवशी आल्या. रिक्षातून उतरल्या आणि फाटकाशीच थांबल्या. पिशवी हातात तशीच. कान देऊन ऐकत राहिल्या.

"पंखा कुठं हाय?"

वृषाली म्हणाली, "आई, तुम्ही आधी आत या, पाणी घ्या..."

"पंखा कुठं हाय, वृषाली?"

"दिला. ऑफरमध्ये. तिथं एसी बसवलाय."

विमलबाई ओरडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वृषाली म्हणते. त्या चपला न काढता मधल्या खोलीत गेल्या, भिंतीवरचं सूप काढलं आणि कोपऱ्यासमोर फतकल मारून बसल्या.

फट... फट... फट...

"पोरगी कुठं निजली हुती?" त्यांनी वळून न पाहता विचारलं.

"इथंच."

सुपाचा हात एकदा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"आई, हे काय आहे?" सचिननं विचारलं. "आता तरी सांग."

"मला बी ठाव न्हाई."

"आबांना माहीत होतं?"

"त्यास्नी बी न्हाई. त्यास्नी एवढंच कळलं हुतं, की याला वारा लागतो. वारा मिळाला की गप राहतं. न्हाई मिळाला तर आपल्यातला घेतं."

"कसं कळलं?"

विमलबाई वारा घालत राहिल्या.

"तुज्या आधी एक हुता," त्या म्हणाल्या. "गोरक्ष नाव ठिवलं हुतं. या कोपऱ्यात पाळना बांधला हुता. घर नवं हुतं, कोपरा गार वाटला. दुपारची मी भाकरी टाकाया गेले. भाकरी तव्यावर हुती तंवर गेला. ताप न्हाई, काय न्हाई. डॉक्टर म्हनला, लेकरं जातात अशी कदी कदी."

सचिन दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"मला भाऊ होता," तो म्हणाला. "आणि मला हे आज कळतंय."

"कळून काय करनार हुतास? मग चार दिसांनी मी हितं निजले, तर मला कुनी दाबल्यावानी झालं. तुज्या आबांनी मला वढून भाईर काढलं. त्यांनी गाय घोडेगावच्या बाजारात विकली आन् येताना नगरवरनं ह्यो पंखा आनला. लावला आन् ते गप झालं. तवापास्नं येकदा बंद पडला न्हाई. तेल सोडलं तर कदी काय मागितलं न्हाई त्यानं."

वृषाली हळूच म्हणाली, "आई, ते... गोरक्षच आहे का?"

"मला बी वाटायचं तसं. लई वरीस वाटायचं. माजं लेकरू हाय तिथं, त्याला उकडतंय. म्हनून मी वारा घालत बसायचे, त्याच्याशी बोलायचे."

त्यांनी सूप दुसऱ्या हातात घेतलं.

"पन लेकराचा श्वास येवढा मोठा नसतो, पोरी."

त्याच संध्याकाळी सचिननं नवा स्टँडफॅन आणला. चांगल्या नावाचा, हमीपत्राचा. कोपऱ्याकडं तोंड करून लावला. आवाज बंद झाला. तिघंही त्या खोलीच्या दारात बसून चहा प्यायली.

सकाळी पंखा बंद पडलेला होता.

त्यानं खोलून पाहिला. मोटारीतल्या तारेचं वायंडिंग जळून काळं झालं होतं, आणि त्या काळ्यावर पाण्याचे बारीक थेंब होते. जळालेल्या मोटारीवर दव. तो रोज पोरांना मोटारी खोलायला शिकवतो. त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा आणला. तोही जळाला. तिसरा, पत्र्याच्या पात्यांचा, कारखान्यात वापरतात तसला. तो जरा जास्त टिकला, इतकंच. चौथ्याला पाती फिरायची, मोटार गरगरायची, पण समोर हात धरला तर वाराच लागायचा नाही. निघाल्या निघाल्या कोणीतरी पिऊन टाकावा तसा.

"तू नवं आनलंस," विमलबाई वृषालीला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता धार होती. "आता नव्यालाच इचार, किती दिस टिकतंय."

वृषालीनं ऐकून घेतलं. तिनं जळालेला पंखा उचलून अंगणात नेला.

सचिन जुना पंखा शोधायला निघाला. दुकानदारानं तो भंगारवाल्याला दिला होता. भंगारवाल्यानं नगरला पाठवला होता. नगरच्या वखारीत सचिन दुपारभर ढिगारे उपसत फिरला. त्याला बिडाचं बूड सापडलं, मधोमध फुटलेलं. तांबं काढून घेतलं होतं, पितळ वितळायला गेलं होतं.

तो ते बूड तसंच टाकून आला.

पूजाला तर त्यांनी पहिल्याच दिवशी तिथून हलवलं होतं. बाजारतळाजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पण विमलबाई येईनात.

"आई, घर सोडून देऊ. कुलूप लावू," सचिन म्हणाला.

"कुलूप लावून काय हुईल? त्याला वारा कोन घालनार?"

"नाही घातला तर?"

"भुकेलं जनावर गोठ्यात किती दिस ऱ्हातं?" त्या म्हणाल्या. "आज ते कोपऱ्यात हाय. ते कोपऱ्यातच हाय, यवढं तरी मला ठाव हाय."

मग एक रीत पडून गेली. सचिन पंखे दुरुस्त करून आणायचा, ते जळायचे. एक जळाला की दुसरा लागेपर्यंत विमलबाई सूप घेऊन बसायच्या. शेजारी कल्याण नावाचा एक भला माणूस होता, हे काय ते न विचारता तोही येऊन हात लावायचा. विमलबाई वाळत चालल्या. गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. वृषाली रोज दुपारी ड्युटी संपली की डबा घेऊन जायची, त्यांना तपासायची. ऑक्सिजन कमीच असायचा. दवाखान्यात चला म्हटलं की म्हातारी सुपाकडं बोट दाखवायची.

एकदा वृषाली म्हणाली, "मी बसते थोडा वेळ. तुम्ही बाहेर अंगणात पडा."

"तू नगं."

"का? माझ्यामुळंच झालंय ना हे?"

विमलबाईंनी तिच्याकडं पाहिलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"तुला लेकरू हाय," त्या म्हणाल्या.

ज्येष्ठ लागायच्या आधीची ती दुपार. आदल्या संध्याकाळी वावटळ सुटली होती, गावात दोन-तीन ठिकाणी तारा तुटल्या होत्या. रात्रीपासून लाईट नव्हती. सचिन पहाटेपर्यंत आईजवळ बसून वारा घालत होता. मग कल्याण आला, तोही दहा वाजता कामावर गेला. इन्व्हर्टर तर कधीच उतरला होता.

वृषाली दोनच्या सुमारास डबा घेऊन पोचली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की डोळे उघडवेनात.

फाटकाशी आली आणि थांबली.

सुपाचा आवाज येत नव्हता.

"आई?"

काही नाही.

ती आत गेली. बैठक रिकामी. मधल्या खोलीचं दार अर्धवट उघडं. तिनं डबा खाली ठेवला आणि दार ढकललं.

विमलबाई कोपऱ्यातच पडल्या होत्या. पाठ भिंतींच्या सांध्याला टेकलेली, पाय पुढं पसरलेले, सूप मांडीवर. डोळे उघडे.

वृषाली धावली. मनगट धरलं. नाडी नव्हती. मानेला बोटं लावली. नव्हती. बोटं ताठ व्हायला लागली होती. बाहुल्यांवर मोबाईलचा उजेड टाकला, त्या हलल्या नाहीत. तिनं हे सगळं शेकडो वेळा केलेलं आहे. तिला कळलं, जाऊन तासाच्या वर झालाय.

तिनं मान खाली घातली. रडू यायला लागलं होतं.

आणि तेव्हा तिला दिसलं...

सुपाची कड हलत होती.

वर... आणि खाली...

सूप विमलबाईंच्या मांडीवर होतं, त्याची वरची कड छातीला टेकली होती. आणि छाती हलत होती.

वर येत होती. सावकाश, खूप सावकाश. त्या म्हातारीच्या बरगड्या कधी फुगल्या नसतील तेवढ्या फुगत होत्या. मग तेवढ्याच सावकाश खाली. उघड्या तोंडातून आवाज येत होता.

हा......

वृषाली म्हणते, मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो.

ती सरपटत दारापर्यंत मागं आली आणि तिथून तिनं सचिनला फोन केला. तो येईपर्यंत ती उंबऱ्याबाहेर उभी राहून पाहत होती. नजर काढायची तिची हिंमत नव्हती. म्हातारीचे डोळे तसेच होते, चेहरा तसाच, हात तसेच मेलेले. फक्त छाती चालू होती. दुसऱ्याच कुणाच्या तरी गरजेनं.

सचिन आला, मागोमाग कल्याण आला. सचिननं आईची छाती पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

"आहे! श्वास आहे!"

वृषालीला त्याला सांगावं लागलं.

दोघांनी विमलबाईंना उचललं. खांद्याला सचिन, पायाला कल्याण. कल्याणनं नंतर सांगितलं, एवढीशी म्हातारी, पण दोन पोती उचलल्यासारखं वजन होतं. ते दाराकडं निघाले. प्रत्येक पावलाला छाती वर येत होती, खाली जात होती. वृषाली उंबऱ्यापाशी दार धरून उभी होती. विमलबाईंचं डोकं तिच्या हातापासून वीतभर अंतरावरून गेलं.

उंबऱ्यावर आले आणि छाती फुगायला लागली. फुगत गेली... फुगत गेली... चोळीची गाठ ताणली गेली.

आणि तिथंच थांबली.

तोंड आपसूक मिटलं.

अंगणात आणून ठेवलं तेव्हा वजन एका म्हातारीएवढंच होतं.

वृषाली एकटी परत आत गेली. कोपऱ्यासमोर तिनं हात धरला. भिंत गार होती, कोरडी होती. कुठलीही भिंत असते तशी. ती तिथं बराच वेळ उभी राहिली, मोकळा श्वास घेत. तेवढ्यात लाईट आली आणि नवा एसी चालू झाला. खोली बघता बघता गार पडली.

डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. त्या उन्हाळ्यात तसे बरेच गेले होते.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या दिवसकार्याला, मी गेलो होतो. घर माणसांनी भरलेलं. मधल्या खोलीत बायका बसल्या होत्या, पोरं त्या कोपऱ्यात खेळत होती. काहीसुद्धा झालं नाही. सचिननं पुढं ते घर विकायला काढलं. बघायला येणारे त्याच खोलीत रेंगाळतात म्हणे, घरातली सगळ्यात हवेशीर खोली म्हणून.

मी वृषालीला एकदाच विचारलं. म्हटलं, "संपलं ना आता ते?"

ती पूजाच्या केसांना तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली,

"दादा, मी इतकी माणसं जाताना पाहिलीत. शेवटचा श्वास नेहमी बाहेर जातो. कुणाचाही असू दे, राजाचा असो की भिकाऱ्याचा. बाहेर जातो आणि मग माणूस थांबतो."

तिनं वेणी बांधली, गाठ मारली.

"आईंचा आत गेला. मी बघत होते. आत गेला आणि बाहेर आलाच नाही. आणि आपण सगळ्यांनी, गल्लीतल्या झाडून सगळ्या माणसांनी, त्यांना जवळून पाहिलं, वाकून पाहिलं, खांदा दिला, आणि चितेच्या धुरात उभे राहिलो."

तिनं तेलाची बाटली उचलून आत नेली.

मीही खांदा दिला होता. धूर माझ्याही अंगावर आला होता, वारा आमच्याच बाजूचा होता.

तेव्हापासून मला जिना चढताना दम लागतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं.